वाकड्या पाइपांची भिंत

जपानी म्हातारा म्हटल्यावर शांत चेहरा, हळू आवाज, डोळे मिटून चहा पिणं, असलं काहीतरी तुम्ही मनात धरलं असेल. सोडा. आमचा जपानी चहासुद्धा चालत चालत प्यायचा. निम्मा शर्टावर.

गलोंड्याच्या आमच्या फॅक्टरीत गटाराचे मातीचे पाइप बनतात. तिथे नवी भट्टी लावून द्यायला तो आला होता. आम्ही त्याला काकासान म्हणायचो. एका हाताने पॅन्ट वर ओढत, दुसऱ्याने पाइपांवर टकटक करत तो शेडभर फिरायचा. वाकडा पाइप दिसला की ओरडायचा, "टेढा! अच्छा!" मी नक्कल केली की पॅकिंगवाले पोट धरून हसायचे. एकदा तो मागेच उभा. त्याने माझी पॅन्ट अजून वर ओढली आणि म्हणाला, "ऐसा."

त्याचं गाव टोकोनामे. पिढ्यान्‌पिढ्या मातीचंच काम. मोबाइलवर फोटो दाखवायचा: चढाच्या गल्ल्या, विटांची धुराडी, आणि बिघडलेले पाइप नि बरण्या रचून केलेल्या भिंती. टेकडीची माती त्यांनीच धरलेली. आमच्याकडे बिघडलेला माल हातोडीने फोडतात. तो आवाज आला की काकासान उठून बाहेर जायचा.

आम्हाला डबा द्यायच्या सिंधूताई, जळगावकडच्या. त्यांची खोली फॅक्टरीमागच्या उताराखाली. आदल्या पावसात माती घसरून त्यांचं अर्धं स्वयंपाकघर गाडलं गेलं. घरमालक नुसता "देखेंगे." काकासानने तो उतार बघितला आणि दुसऱ्याच दिवशी पाइप मागायला लागला.

आमचे पुण्याचे मॅनेजर म्हणाले, "फोडल्याशिवाय रिजेक्ट गेटबाहेर जाणार नाही! कोणी चांगला म्हणून विकला तर?"

काकासानने हातोडी स्वतःच घेतली. दुसरा पाइप ज्यात बसतो ते रुंद तोंड तेवढं प्रत्येकाचं उडवलं. "फोड दिया!" विकायला बाद, रचायला पक्का. साहेबांनी हात जोडले. "न्या बाबा."

रविवारी आम्ही वाहायचो, तो रचायचा, उचकटायचा, पुन्हा रचायचा. आम्ही जाम वैतागायचो.

आणि भिंतीमागची माती नीट बसायच्या आत पाऊस लागला. एका दुपारी धो धो कोसळत असताना काकासान भट्टीवरून गायब. आम्ही पळालो. सिंधूताई पोरांना घेऊन समोरच्या ओट्यावर, आणि हा भिंतीला चिकटून, फटींतून चिखल येईल तिथे खापऱ्या ठोकतोय. हाका मारल्या तरी ढिम्म. शेवटी उचलूनच आणला.

भिंत टिकली. अजून आहे. काकासान दिवाळीआधीच गावी गेला, आता मी नक्कल केली की नवी पोरं विचारतात, "हा कोण?"

पण त्या दुपारी सिंधूताईंनी त्याला टॉवेल फेकून मारला.

"काय रे बुढ्ढ्या, अक्कल हाये का तुले? भिंत अंगावर आली असती तं? माले खोली दुसरी भेटली असती, तू कुठं भेटला असता? तुझ्या बायकोले काय सांगू, गटाराच्या पाइपाखाली मेला म्हनून?"

काकासानने हळूच मला विचारलं, "क्या बोला?"

"त्याले काय इचारतो? मी बोलून राहिली ना! डोकं पूस पहिले!"