सोनगीरच्या तांब्यातली चिठ्ठी

नाशिकला मी गेली तेवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते, आणि तेवीस वर्षं एकाच गोष्टीवर माझा घसा बसतो. उच्चार तोच, स्पेलिंग निराळं, अर्थ भलताच! ‘सन’ म्हणजे मुलगा की सूर्य, ‘वीक’ म्हणजे आठवडा की अशक्त, यात पोरं दरवर्षी आपटतात. शिंदखेड्याच्या माझ्या सहकारी बाई एकदा डबा खाताना म्हणाल्या, “आमच्याकडं सोनगीरला एक अक्का आहेत. त्या हे शब्द भांड्यांत ठेवतात.” मला आधी थट्टाच वाटली. पण फेब्रुवारीत जोडून सुट्टी आली आणि मी पिशवी भरली.

नाशिकहून सकाळची धुळ्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आपण उगाचच खुशीत असतो. महामार्ग उत्तम आहे, चार तास धरून चला. धुळ्याला स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तर्री बघून घाबरू नका, सोबत ताक मागवा. पुढे सोनगीर अर्ध्या तासावर. आधी किल्ला दिसतो, मग तांबटांच्या घरांतून हातोड्यांचे ठोके ऐकू येतात. किल्ला चढायचा तर उन्हाच्या आत चढा. मी दुपारी चढले आणि पस्तावले.

मंगलाक्कांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. यजमान, सगळे त्यांना नाना म्हणतात, दारात बसून घागरीला ठोके देत होते. फळीवर हंडे, कळश्या, तांबे. प्रत्येकाच्या आत तळाला पिठाच्या खळीनं चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन स्पेलिंगं आणि खाली दोन चित्रं. एका हंड्यात सूर्य आणि झबल्यातलं बाळ, एका कळशीत कॅलेंडर आणि खाटेवर पडलेला माणूस. मी अक्षरशः हरखले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं!

अक्का चव्वेचाळीस वर्षांच्या. आठवीत लग्न झालं, शाळा सुटली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. बाकी विषय सुटले, इंग्रजीत मात्र दोनदा नापास. या मार्चला नाही झालं तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकणार, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

“आवाज एक, पन काम येगळं,” अक्का मला समजावत होत्या. मला, इंग्रजीच्या बाईला! “घागर न् हंडा दोन्ही तांबानाच ना? पन बाई घागरमा भात शिजाडस का?”

“आणि पाठ झालं की?”

“चिठ्ठी काढी टाकानी. चिठ्ठी निंघाबिगर भांडं इकानं नही, आसं ठरेल शे.”

“गिऱ्हाईक परत जास, पन हाई नही ऐकस,” नाना ठोके न थांबवता म्हणाले. तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं त्यात.

संध्याकाळी निघताना अक्का शेजारी दळण आणायला गेल्या होत्या. मला एक गोल पोटाचा तांब्या भारी आवडला होता. नानांनी तो पुसला, कागदात बांधून दिला. दोघांनाही आत बघायचं सुचलं नाही.

धुळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. रस्त्याला केळीच्या बागा, मध्येच कापसानं भरलेले ट्रक. जळगावला भरीत खाल्लं, काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. यासाठी वेगळं पोट घेऊन जा. लॉजवर सकाळी कौतुकानं पाणी भरायला तांब्या सोडला, तर तळातून दोन डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते. बाजूला जिना. ‘स्टेअर’ची जोडी!

परीक्षा दहा दिवसांवर, आणि अक्कांचा पाठ न झालेला शब्द मी घेऊन आले होते. लगेच अक्कांना फोन लावून सांगितलं.

“नाना, तुम्ही हाई काय करं!” पलीकडे अक्कांचा आवाज चढला. मागचे नानांचे ठोके थांबले.

मी दोन्ही स्पेलिंगं सांगितली, त्यांनी लिहून घेतली. मग मी म्हटलं, पुढे पहूरला जायचा बेत रद्द करते, आज उलट्या पावली येऊन तांब्या परत देते.

“नका आनू, ताई. गिऱ्हाईकना हातमा गयेल भांडं आम्ही परत फळीवर ठेवत नही.” जरा थांबून म्हणाल्या, “पन मी पास व्हत नही तवलोंग त्यामा पानी भरू नका.”

मी शब्द दिला.

घरी तांब्या ओट्यावर कोरडाच राहिला. पाहुण्यांनी विचारलं, नवऱ्यानं चिडवलं, की बाई एवढ्या लांबून शोभेचा तांब्या घेऊन आल्या. मी बधले नाही. वर्गात मात्र पोरांना डबे आणायला लावले आणि झाकणांत चिठ्ठ्या चिकटवल्या. या ट्रिपमधून काय आणलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. खरं तर मी अक्कांसाठी रोज धास्तावलेली असायची. माझ्या स्वतःच्या पोरांच्या निकालाची इतकी काळजी मला कधी वाटली नव्हती.

निकालाच्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“ताई, मी पास व्हयनू! इंग्रजीमा बेचाळीस!”

मला रडूच आलं. नाक पुसत विचारलं, “आणि आपला शब्द? पेपरात आला होता का?”

“नही ना, कोठे ऊना!” अक्का हसल्या. मग न विचारताच त्यांनी जिन्याचं स्पेलिंग म्हणून दाखवलं, लगेच टक लावून बघण्याचं. एकाही अक्षराला अडखळल्या नाहीत. मागे नानांचे ठोके चालू होते.

“आते चिठ्ठी काढा,” त्या म्हणाल्या, “न् पानी भरा.”

फोन खांद्याशी दाबून धरत मी चिठ्ठी सोडवली आणि तांब्या नळाखाली नेला.