साडूंची डबी

माझ्या साडूंइतका चोखंदळ माणूस अख्ख्या सोलापुरात नसेल, आणि असलाच तर तो अजून कुठल्यातरी दुकानात उभा असेल. पंखा घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानदाराला एकेक पंखा अर्धा अर्धा तास चालवायला लावला आणि खाली डोळे मिटून उभे राहिले. शेवटी "तिसऱ्याची घरघर जरा सुरात आहे" म्हणून तो घेतला. चपला घ्यायच्या तर दुकानातच इतक्या येरझाऱ्या घालतात की मालक डबा उघडून जेवायला बसतो. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटवर मी जातो तेव्हा चहाबरोबर कुठल्यातरी न घेतलेल्या वस्तूची हकीकत ठरलेली असते.

मात्र ऑडिओ इंटरफेसने कहर केला. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नीट पोचवणारी ही पेटी. आमच्या सासूबाई तिला 'डबी' म्हणाल्या आणि घरात तेच नाव रूढ झालं. डबी हवी होती तीही सासूबाईंसाठीच. शहराच्या पूर्व भागातल्या आपल्या घराखालच्या कापडाच्या कारखान्यात मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरताना त्या तेलुगू गाणी म्हणत. त्यांच्या आईकडून आलेली ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत. ती घरीच नीट रेकॉर्ड करायची, एवढा साडूंचा बेत. पण एका माइकची घ्यावी की दोन माइकची, यात दोन वर्षं गेली. मग त्यांना 'लेटन्सी' हा शब्द सापडला. गायलेलं आपल्याच कानात किंचित उशिरा येतं, त्याला म्हणे लेटन्सी म्हणतात. "तुमच्या निर्णयाआधी येतं ना? मग झालं," मी म्हणालो. त्या दिवशी मला दुसरा चहा मिळाला नाही.

आणि सासूबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ती काढल्यावर आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनला आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी साडू डबी घेऊन आले. मुठीत मावेल एवढी, वेगळा प्लगही नको, लॅपटॉपवरच चालणारी. हीच का घेतली, मी विचारलं.

"दुकानात होती," ते म्हणाले. मला पुढं चेष्टा करवेना.

रविवारी त्यांनी आपल्या फ्लॅटमधल्या बेडरूमच्या भिंतींवर घरातल्या सगळ्या चादरी टांगल्या, पंखा आणि फ्रीज बंद केला, शेजारच्या वहिनींना तासभर मिक्सर लावू नका म्हणून हात जोडून आले. सासूबाई माइकसमोर बसल्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक ओळ येईना.

"लई गप गप हाय की हितं," त्या कसनुशा होऊन म्हणाल्या. "माग चालू असला की आपोआप येतंय बघा, जावई. नुसतं बसून कसं म्हनू?"

साडूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चादरी काढायला लागले. तासाभरात आम्ही पूर्व भागातल्या कारखान्यात होतो. खोक्यावर लॅपटॉप, त्याला डबी, आणि चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. सासूबाईंनी कांडी हातात घेतली, बोटं चालू झाली आणि बोटांपाठोपाठ गाणं आलं. ओळीने अकरा गाणी म्हणाल्या. कानाला हेडफोन लावून साडू रडत होते. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला, आता नुसती कुजबुज उरली आहे. साडूंनी आठ दिवस खपून रेकॉर्डिंगमधला मागांचा आवाज जमेल तितका काढला आणि सासूबाईंना ऐकवलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"चांगलं हाय," त्या कुजबुजल्या, "पन ह्यात मी कुटं बसलेय तेच कळंना."

साडूंनी ते तिथल्या तिथं पुसून टाकलं आणि मूळचं, खडखडाटासकट लावलं. सासूबाईंची बोटं मांडीवर हलू लागली. आमच्या घरात त्यांचं गाणं राहिलं ते या माणसामुळे. दोन वर्षं मी त्यांची टर उडवली, आणि एवढी एक गोष्ट त्यांना सांगायची माझ्याकडून अजून राहूनच गेली आहे.