राजीनाम्यास कारण : एक चाकू

माझ्याजवळ आठ दिवस एक चाकू होता. त्या आठ दिवसांत मी दोनच गोष्टी कापल्या : एक पेरू आणि आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची बाही.

लखनौच्या इंदिरा नगरात आम्ही अकरा वर्षं राहतोय. मी केंद्र सरकारचा नोकर; शौर्य गाजवायचं ते फायलीच्या समासात. पण मागच्या गल्लीत फिरायला निघालेल्या एका बाईंची साखळी कुणीतरी ओढली, आणि अध्यक्ष श्रीवास्तवजींनी सभा बोलावून गर्जना केली, “हर नागरिक अपनी सुरक्षा स्वयं करे!” (सोसायटीचा वॉचमन त्या वेळी त्यांच्याच गाडीला फडकं मारत होता.) मी ते मनावर घेतलं. अख्ख्या सभेत मनावर घेणारा मी एकटाच, हे नंतर कळलं.

खिशात मावेल असा घडीचा चाकू घ्यायचं ठरलं. एरवी पार्सल उघडायला, फळं कापायला. वेळ पडलीच तर स्वसंरक्षणाला. सरकारी माणूस तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय काडेपेटीही घेत नाही. मी तक्ता केला : पात्याची लांबी, पोलाद, मूठ, खटका. अभ्यास तीन आठवडे चालला.

“चोर आला की त्याला तक्ताच वाचून दाखवा,” बायको, म्हणजे सुलभा, म्हणाली. “झोपेल बिचारा.”

“अगं, हा एका हातानं उघडतो!”

“तुम्हाला दोन हातांनी लोणच्याची बरणी उघडता येत नाही.”

कन्या ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच सुचतं. मोबाइलमधून मान न काढता ती म्हणाली, “पापा, चोर ही पूछेगा, अंकल, हेल्प कर दूँ?”

चाकू आला. एका हातानं उघडणारा तो चाकू मी उघडला दोन हातांनी, स्वयंपाकघरातल्या सुरीनं पातं उचकटून. (थोडक्यात, स्वसंरक्षणासाठी चाकूबरोबर सुरीही बाळगणं आलं.) मग त्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं, आठवडाभर सराव केला, आणि आठव्या दिवशी सकाळी पार्कात चार ओळखीच्या मंडळींसमोर झटक्यात उघडून एका पेरूच्या चार फोडी केल्या. “वाह जोशीजी!” झालं. फोडी संपल्या. मंडळी गेली. चाकू मिटेना. खटक्यात पेरूच्या बिया बसल्या होत्या!

उघडा चाकू हातात घेऊन सभ्य माणसासारखं कसं चालावं, हा रकाना तक्त्यात नव्हता. खाली धरला तर हेतू दिसतो, वर धरला तर मिरवणूक दिसते. शेवटी मी तो पाठीमागे लपवला. खुनी माणूस अगदी तसाच धरतो, हे समोरून येणाऱ्या दोन बायकांचे चेहरे पाहून लक्षात आलं. त्यांनी रस्ता ओलांडला. त्यांच्या कुत्र्यानं त्यांच्याही आधी ओलांडला.

आणि कोपऱ्यावर श्रीवास्तवजी! कडक पांढरा, नवा चिकनचा कुर्ता. कुठल्याशा उद्घाटनाला निघालेले.

“अरे जोशीजी! आइए, गले मिलिए!”

त्यांनी हात पसरले. मी संस्कारी माणूस. नमस्कारासाठी दोन्ही हात पुढे आणले. चाकूसकट. कोपरापासून मनगटापर्यंत बाही अशी सुरेख चिरली की शिंप्यानंही वाखाणावी! कातडीला ओरखडाही नाही.

“जानलेवा हमला!” प्रत्येकानं आपली सुरक्षा स्वतः करावी म्हणणारे अध्यक्ष थेट पोलीस चौकीकडे धावले. मी खुलासा करत त्यांच्यामागे धावलो. लोकांना जे दिसलं ते एवढंच, की अध्यक्ष पुढे आणि चाकूवाला मागे.

चौकीतले दरोगाजी शांत गृहस्थ. म्हणाले, “जोशीजी, आप सरकारी मुलाज़िम हैं, इज़्ज़तदार आदमी हैं। मुक़दमा बरसों घिसटेगा। राजीनामा लिख दीजिए, किस्सा ख़त्म।”

पेन्शनला तीन वर्षं उरलेली, ईराचं कॉलेज चालू, आणि एका बाहीपायी राजीनामा!

“और कोई रास्ता नहीं?”

“इससे आसान क्या होगा? यहाँ तो रोज़ दो-चार राजीनामे होते हैं।”

सरकारी जागा इतक्या रिकाम्या का असतात, ते मला त्या क्षणी उमगलं.

“हम तो राजीनामे को तैयार हैं,” श्रीवास्तवजी उदारपणे म्हणाले. का नसतील? नोकरी माझी होती!

मी ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. “सर, मोहल्ले में झगड़ा हो गया। मैं राजीनामा लिख रहा हूँ।”

“बहुत बढ़िया!” साहेब म्हणाले. “इसमें सोचना क्या? फ़ौरन लिखिए।”

सत्तावीस वर्षांची सेवा, आणि ‘पुन्हा विचार करा’ एवढंही नाही! ओल्या डोळ्यांनी मी कागद ओढला. तब्येतीच्या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करावं, सत्तावीस वर्षांतली चूकभूल पोटात घालावी, असं शुद्ध कार्यालयीन हिंदीत लिहिलं आणि सही ठोकली. दरोगाजींनी कागद दोनदा वाचला.

“इसमें कुर्ता कहाँ है? और आप नौकरी काहे छोड़ रहे हैं?”

“आप ही ने तो कहा, राजीनामा!”

“अरे महाराज! राजीनामा माने दोनों पक्ष राजी। समझौता!”

एव्हाना चौकीतून फोन गेल्यामुळे सुलभा माझं आधार कार्ड घेऊन पोचली होती. तिनं कपाळाला हात लावला. “अहो, अकरा वर्षं झाली इथे! नोकरी सोडतात त्याला हे लोक इस्तीफ़ा म्हणतात. भाजीवाल्यालाही माहीत आहे.”

भाजीवाल्याला असेल. आमच्या ऑफिसात आजवर कुणी नोकरी सोडलेलीच नाही, तर शब्द कानावर पडणार कुठून?

समेटाच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. चाकू दरोगाजींनी ठेवून घेतला आणि न बघता, एका हातानं मिटला. मी बाहेर येऊन घाईघाईनं साहेबांना फोन केला.

“सर, वो राजीनामा... नौकरी वाला नहीं था।”

“हाँ हाँ, हम समझौता ही समझे थे।” मग त्यांच्या हाताखालच्या सात वर्षांत मी कधी न ऐकलेल्या मायेनं त्यांनी विचारलं, “क्यों, इस्तीफ़ा भी सोच रहे थे क्या?”

“नहीं सर! बिलकुल नहीं!”

“अच्छा... ख़ैर।” फोन बंद झाला.

“काय म्हणाले साहेब?” सुलभानं विचारलं. “आनंद झाला असेल ना?”

“झाला होता,” मी म्हणालो. “मीच टिकू दिला नाही.”