खासदारबाईंच्या सभेत आई
उन्हात तापलेल्या मांडवाच्या कापडाचा वास आला की मला कोपरची ती सभा आठवते. आमच्या खासदारबाई मूळच्या नर्स. पुढे नगरसेविका झाल्या, मग दिल्लीला गेल्या, पण बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत, ही मागणी त्यांनी लोकसभेतही सोडली नाही. माझी आई टिटवाळ्याला भाजी विकायची, त्यामुळे तिला त्या अगदी आपल्या वाटायच्या. पुढे जागा मिळावी म्हणून आम्ही सकाळीच येऊन बसलेलो. बाई आल्या दुपारी. तोवर आई मला सारखी विचारत होती, "अगं, इथे बाथरूम कुठंय?" शेवटी भाषण सुरू झाल्यावर मी एका कार्यकर्त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ती सोय नाय केली ताई, सभा संपेलच आता." बाई नेमक्या स्वच्छतागृहांवर बोलत होत्या, टाळ्या पडत होत्या, आणि आईची साडी भिजली. शेजारच्या बायकांनी खुर्च्या सरकवल्या. मला मान वर करवेना. बाईंनी मंचावरून ते पाहिलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. खाली येऊन त्यांनी सत्काराची शाल आईच्या कमरेभोवती गुंडाळली आणि पडल्या चेहऱ्याने हात जोडले. "मावशी, चूक माझी आहे. हे मी आधी विचारायला हवं होतं." आई जमिनीकडे बघत पुटपुटली, "नाही हो बाई, मीच पाणी जास्त प्यायले." त्यानंतर बाईंच्या प्रत्येक सभेत आधी बायकांची सोय व्हायला लागली. आई मात्र पुन्हा कुठल्याच सभेला गेली नाही, आणि मी आजही लांब जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही.