झोपेच्या रेघा

कोणतीही भिंत दिसली की गवंडीदादा एक डोळा मिटायचे. भिंत त्यांनी बांधलेली असो, परक्याची असो, नाहीतर शेलूबाजारच्या बसथांब्यामागच्या मुतारीची असो. खिशातून ओळंबा काढायचा, दोरी बोटाला अडकवायची, खाली लोंबणारं वजन स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा आणि मग निकाल द्यायचा. "ओळंब्यात हाय," नाहीतर "पोट काढलं हिनं." दुसरा निकाल ऐकला की घरमालकाचं तोंड उतरायचं.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच. तब्येत कशी आहे विचारलं की "ओळंब्यात हाय." काम कसं चाललंय? "ओळंब्यात हाय." पोरगी काय म्हणते, असं विचारलं की मात्र जरा थांबायचे आणि म्हणायचे, "सध्या तरी ओळंब्यात हाय, ताई." ते 'सध्या तरी' आम्ही कोणी कधी मनावर घेतलं नाही. तुम्ही तरी घेतलं असतं का?

माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. चार इंची, त्यांनीच बांधलेली. चार इंचांतून काय काय ऐकू येतं ते मला विचारा. भांडं जमिनीवर आपटल्याचा आवाज वेगळा आणि माणसाच्या अंगावर आपटल्याचा वेगळा. महिना-दोन महिने सगळं चिडीचूप असायचं. मग एखाद्या दिवशी भरदुपारी सुरू व्हायचं. धडाधड काहीतरी पडायचं, दादांची बायको ओरडायची, त्यांची सुजाता किंचाळायची. बाप मायला मारतो म्हणून लेक किंचाळते, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी बायको पाण्याला यायची तेव्हा डोळा काळानिळा, ओठ फाटलेला. एकदा तर हात प्लास्टरमध्ये.

"मोरीत घसरली व," ती म्हणायची.

"मोरीत माणसाचं बूड आपटते, डोळा नाही," मी म्हणायची. ती पदर ओढून निघून जायची.

माझा स्वभाव सांगून टाकते. माझा हात आधी चालतो, डोकं मागाहून. आमच्या बचत गटाने नुकताच गावाबाहेरचा दारूचा अड्डा बंद पाडला होता आणि आमच्या सगळ्यांचे हात शिवशिवत होते. त्या प्लास्टरच्या आठवड्यात आम्ही अकरा जणी चौकात जाऊन उभ्या राहिलो. दादा कामावरून परत येत होते, पायांवर सिमेंट वाळलेलं, हातात डब्याची पिशवी.

"काहून मारतं रे बायकोले?" मी विचारलं.

त्यांनी आमच्या खांद्यांवरून मागे पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांची बायको आणि सुजाता येऊन उभ्या होत्या. बायको पुढे यायला लागली, तशी दादांनी तिच्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून. मग आमच्यासमोर हात जोडले.

"चुकलं माह्यं, ताई."

"दारू पेतं?"

"पेतो."

मी मारली. एक नाही, दोन. दुसरी इतक्या जोरात बसली की माझाच तळहात झणझणला. कांताबाईने पायातली चप्पल काढून पाठीत हाणली, आणखी कोणीतरी शर्ट ओढून फाडला. खिशातला ओळंबा रस्त्यावर पडला. एवढ्या माऱ्यात त्यांनी खाली वाकून तो उचलला, पँटला पुसला आणि पुन्हा हात जोडून उभे राहिले. चौकातली माणसं हसत होती. आम्ही मोठ्या विजयात घरी आलो आणि माझ्याकडे भजी तळून खाल्ली.

त्या दिवसापासून गावात त्यांची ओळख बदलली. बायकोला मारणारा गवंडी. लोक समोर नमस्कार करायचे आणि पाठ फिरली की थुंकायचे. थोडे दिवस गेले आणि माझ्या दुकानाची पायरी खचली. मी कोणाला सांगायच्या आतच सकाळी दादा थापी घेऊन हजर.

"तुले कोणी बोलावलं?" मी म्हटलं.

"कोणी नाही. पण गिऱ्हाईकाचा पाय मुरगळला तं?" त्यांनी पायरी बसवली, ओळंबा लावला, एक डोळा मिटला. मला त्यांचा रागच आला. असल्या माणसाला चांगलं वागायचा काय हक्क, असं वाटलं.

सुजाता तेव्हा बावीसची. ती माझ्याकडे शिवण शिकायला यायची. हुशार, बडबडी, नकला करण्यात पटाईत. माझी नक्कल माझ्यासमोर करायची. फक्त तिचे हात थरथरायचे. सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं लागायची.

"माह्या बोटात मोबाईल हाय, मावशी," ती म्हणायची. "व्हायब्रेटवर ठेवेल हाय."

मी हसायची. मध्येच पंधरा-पंधरा दिवस यायची नाही. आई सांगायची, कणकण आहे. बापाच्या धाकाने पोर खंगत चालली, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची.

मग रिठदचं स्थळ आलं. मुलगा पंचायत समितीत कारकून, घरचं शेत, माणसं साधी. पाहण्याचा कार्यक्रम ठरला आणि काय चमत्कार, आठवड्याभरात सुजाताचे हात स्थिर झाले. "मोबाईल बंद केला," ती म्हणाली. सुईत दोरा एका दमात. मशीनवर बसली की उठेना. एका रात्रीत तिने नऊ ब्लाउज शिवून आणले आणि सकाळी सहाला माझं दार वाजवलं. डोळे लकाकत होते, बोलणं थांबत नव्हतं. मी खूश. अशी कामसू पोरगी ज्या घरात जाईल त्या घराचं सोनं होईल, असं मी रिठदच्या पाहुण्यांनाही सांगितलं. त्यांच्यासमोर तिने सहा कप चहा ट्रेमधून आणला. बशीत थेंब नाही. दादा कोपऱ्यात उभे राहून फक्त तो ट्रे बघत होते. पसंती झाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे सुरू झालं. असा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. आज याला रंगेहाथ धरायचाच म्हणून मी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

दादांची बायको चुलीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. केसांतून रक्त गळून कानावर आलं होतं. तिच्यावर पालथे पडून दादा तिला झाकत होते, आणि त्यांच्या पाठीवर सुजाता दोन्ही हातांनी रंधा घालत होती. गिलावा घोटायचा त्यांचाच तो लाकडी रंधा. एक घाव, दुसरा, तिसरा. दादांच्या शर्टावर लाल फराटे उठत होते.

"मले मार बाई," ते म्हणत होते. "मायले नको. मले मार."

"हे माही माय नाही!" सुजाता किंचाळत होती. "माही माय बदलून आणली तुमी!"

मी ओरडले. ती वळली आणि रंधा भिरकावला. माझी भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. ती माझ्यावर झेपावणार तोच दादा उठले आणि मागून तिला मिठी मारून खाली बसले. तिने त्यांच्या हाताचा लचका तोडला. त्यांनी मिठी सोडली नाही. उलटा हात उगारला नाही. तान्ह्या लेकराला झुलवतात तसे मागेपुढे झुलत राहिले. "झालं, बाई. झालं. झालं."

मला वाटलं, आता ते माझ्याकडे मदत मागतील. ते म्हणाले, "ताई, दार लावून घ्या."

जीपवाल्याला मिरगी आहे असं सांगून आम्ही तिला अकोल्याला नेलं. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला भुवईला फडकं बांधलेली मी. अर्ध्या रस्त्यात तिने जीपची काच लाथेने फोडली. तिथल्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी," दादा म्हणाले.

"का?"

"गोळीनं हात थरथरतात, साहेब. पाहुण्यासमोर चहा सांडला असता."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मलाही समोर बसवून समजावलं. आजाराचं नाव बायपोलर. कधी मन इतकं उधाणतं की झोप लागत नाही आणि भलतंच खरं वाटायला लागतं, कधी इतकं बुडतं की उठून पाणी प्यावंसं वाटत नाही. सगळेच असे मारत सुटत नाहीत, पण हिचा आजार चढला की असा चढतो. गोळ्या चालू असल्या तर ही पोरगी शिकेल, कमावेल, संसारही करेल. मनाने बंद केल्या तर हे असं.

परत आल्यावर दादांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातली भिंत दाखवली. वरच्या टोकापासून खाली उतरत आलेल्या, सुताराच्या पेन्सिलीने ओढलेल्या बारीक रेघा. पोरगी रात्री जितके तास झोपली, तितक्या रेघा. रोजची एक ओळ. सात, सात, आठ, सात. मग शेवटी पाच, तीन, दोन, एक.

"झोप घसरली का समजाचं, भिंत पोट काढून राह्यली," ते म्हणाले. "ह्या खेपेले दिसत होतं मले. पाहुणे जाऊ द्या म्हणलं. मीच खाल्लं माह्या पोरीले."

मला माझ्या दोन थपडा आठवल्या. तोंड वर करवेना. "मंग त्या दिवशी चौकात मार कायले खाल्ला, दादा? सांगता नाही आलं?"

"माह्यं नाव खराब झालं तं काय होते? काम थोडं कमी भेटते. पोरीचं नाव खराब झालं तं..." मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. देवाचं नाही, देवावर त्यांचा भरवसा नव्हता. माझ्या शिलाई मशीनवर माझा हात ठेवायला लावला. कोणाला सांगणार नाही म्हणून. मी ठेवला.

रिठदला ते स्वतः गेले. मी दारू पितो, लग्नात तमाशा होईल, असं मुलाच्या बापाला सांगून आले. स्थळ मोडलं. दोष पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. पोर सारखी आजारी असते एवढंच ठाऊक असलेल्या माझ्या मावशीने सुचवलं, पोरीला बाहेरचं असेल, कोणाला तरी दाखवा. दादा हसले. "बाहेरचं काही नाही ताई, घरातलंच हाय. मीच सांभाळतो."

सांभाळलंच. रोज संध्याकाळी गोळी आपल्या हाताने द्यायची, पाणी पाजायचं, मग "आ कर" म्हणायचं. बाविशीची पोरगी जीभ बाहेर काढून वेडावायची. तरीही आजार मध्ये दोनदा उसळला. एकदा तिने वीट फेकून त्यांच्या गळ्याचं हाड मोडलं. कामावर परांचीवरून पडलो, असं त्यांनी सांगितलं, आणि दारू पिऊन पडला असेल, असं गावाने ठरवलं. मी मशीन चालवत ऐकत राहिले. दुसऱ्यांदा उलटं झालं. दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, मरायचं म्हणायची. त्या दोन महिन्यांत दादांनी घरात दोरी ठेवली नाही. कपडे वाळवायची सुद्धा नाही. ओळंबा रोज संध्याकाळी माझ्याकडे आणून द्यायचे आणि सकाळी न्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात मंगरुळपीरच्या रस्त्याला एका घराच्या कामावर ते सावलीत पाणी प्यायला बसले आणि बसलेलेच राहिले. सोबतचे म्हणाले, शेवटचं बोलणं भिंतीबद्दलच होतं.

विहारात जलदान विधी झाला. फोटोसमोर मेणबत्त्या, पांढरे कपडे, वंदना. मग बोलायची वेळ आली. हाताला गुण होता, कामाला चोख, असं दोघं-तिघं बोलले. सगळे जपून बोलत होते, कारण बाकीचं सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शेजारी कांताबाई पुटपुटली, "बायको सुटली बिचारी." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मशीनवर ठेवलेला हात आठवत होता.

तेवढ्यात सुजाता उठली. आईने तिचा पदर धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला.

"माह्या बानं मायले कधी बोट नाही लावलं," ती म्हणाली. हात थरथरत होते, तिने ते लपवले नाहीत. "मायचा हात मी मोडला. डोळा मी काळानिळा केला. बाचं हाड बी मीच मोडलं. बानं दारूचा थेंब नाही घेतला कधी. मले बायपोलर हाय. गोळ्या खातो म्हणून आज तुमच्यासमोर उभी हावो. आता पोरीचं नाव खराब झालं तं होऊ द्या. बाचं नाव धुवून द्या मले."

ती बसली. कांताबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मी मात्र मोठ्याने रडले. लाज नाही वाटली. त्या माणसाच्या गालावर मी मारलं होतं आणि त्याने माझी पायरी बसवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता दुकानात आली. हातात सुताराची पेन्सिल.

"मावशी, बा गेल्यापासून रेघा राह्यल्या. माय लबाड हाय, मी चार तास झोपली तं सात ओढाले पाह्यते. तुमी या."

तेव्हापासून रोज सकाळी मशीन उघडायच्या आधी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाते. किती झोपली, ते आधी तिला विचारते, मग तिच्या आईला. दोघींचं जुळलं नाही की दोघींना रागावते. मग उजव्या हातात पेन्सिल घेते. दादा उंच होते, त्यांनी वरून सुरुवात केली होती. मी बुटकी आहे, मी खालून सुरू केलं. त्यांची शेवटची ओळ आणि माझी सगळ्यात वरची ओळ यांच्यामध्ये अजून हातभर भिंत कोरी आहे. आज मी सात रेघा ओढल्या.