दुसऱ्याच्या पन्नीतला खर्रा

दुर्गेश सीताबर्डीत गाड्यावर मोबाईलचे कव्हर विकतो. वय चोवीस. रोज कन्हानहून बसनं येतो, ताडपत्री काढतो आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत खर्रा खातो. निदान खायचा. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं घोटलेला हा माल आमच्याकडे जवळपास अन्नातच मोडतो. सरकारची त्याच्यावर बंदी आहे. त्यामुळे तो आणायला दहा पावलं जास्त चालावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याला साधं वरणही झोंबू लागलं. पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, म्हणून तो ती आधी फोडून घेऊ लागला. धाकटी बहीण सोनिका नर्सिंग शिकते. तिनं आठ दिवस हे पाहिलं आणि एका रविवारी त्याच्या मोबाईलमध्ये 'सोबती' टाकून दिला. तरुणांचं व्यसन सोडवणारा चॅटबॉट. एका संस्थेचा, फुकट.

"तोंड पुरतं बंद झालं ना दादा, तं नळीनं जेवशील. मी वॉर्डात रोज पाहून राहिली," ती म्हणाली. "हा जे विचारन त्याले खरं सांगजो."

"मी काहून खोटं बोलू वं?"

आणि तो खोटं बोललाही नाही. अडचण तिथंच होती.

संध्याकाळी सहाला सोबती शुद्ध मराठीत विचारी, 'मित्रा, आज किती खर्रे खाल्लेस?' पहिल्या दिवशी दुर्गेशनं सहा लिहिले. दुसऱ्या आठवड्यात तीन. एकविसाव्या दिवशी शून्य. सोबतीनं हिरवं पान पाठवलं. मग रोज शून्य, रोज पान.

आता, बर्डीच्या फुटपाथवर आपला खर्रा म्हणजे आपण घोटून आणलेला खर्रा. दुसऱ्यानं पन्नी उघडून पुढं केली तर ती माणुसकी. ती कोणी मोजत नाही. शेजारच्या गाड्यावर बेल्ट विकणारे रामाजी साठीचे आहेत. पन्नी उघडली की आधी शेजाऱ्यापुढं धरतात.

"घे गा दुर्गेश."

"सोडला ना काका."

"सोडला तं सोडला. तुले आनाले सांगून राहिलो का मी? हा माह्या पन्नीतला आहे."

हा युक्तिवाद त्या फुटपाथवर सगळ्यांनाच पटणारा होता. दुर्गेशलाही पटला. त्यानं चिमूट उचलली. पोरगा सुधारला याचा सगळ्यांनाच आनंद होता. चष्मेवाला साहिल तर कौतुकानं दिवसातून तीनदा पन्नी पुढं करी.

साठाव्या दिवशी सोबतीनं नवीन प्रश्न काढला: 'तोंड उघड. तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का?'

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. दुर्गेशनं हात बाहेर काढून नीट पाहिला. बोटं मुळातच जाड आहेत, असं त्याचं मत झालं. त्यानं 'हो' लिहिलं.

'शाबास मित्रा! तुझं तोंड बरं होत आहे.'

पुढच्या पंधरवड्यात पोळी वरणात भिजवल्याशिवाय आत जाईना. तेव्हा सोनिकानं त्याला ओढत दातांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर अरुंधतीबाईंनी खर्रा किती, असं विचारलं. दुर्गेशनं मोबाईलच पुढं केला. बाईंनी हिरव्या पानांची ती बाग वरपासून खालपर्यंत पाहिली.

"हा तुझा झाला. लोकांचा किती खातोस?"

हे आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो मोजू लागला. रामाजी सकाळी, दुपारी, जाताना. साहिल. चहावाला. बसमध्ये ड्रायव्हर.

"नऊ," तो म्हणाला. "शनिवारी दहा-बारा."

सोनिकानं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

बाईंनी बॅटरी मारली. डाव्या गालात, आत, पांढरा चट्टा होता, कडेला लाल. "याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," त्या म्हणाल्या. "आजच काढू. थांबायला नको."

"कॅन्सर आहे का मॅडम?" सोनिकानं विचारलं.

"तपासल्याशिवाय मी काही म्हणत नाही. अजून उघड रे."

"उघडलंच आहे," दुर्गेश म्हणाला.

बाईंनी हातातला आरसा ट्रेमध्ये परत ठेवला आणि नर्सकडे वळून हळूच सांगितलं, "लहान मुलांच्या विभागातून छोटा आरसा घेऊन या."