ब्रेकबाईंनी आवाज खाली घेतला

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना अख्खी गल्ली ब्रेकबाई म्हणायची. शिकणारा चुकला की त्या "ब्रेऽऽक!" अशी काही आरोळी ठोकायच्या की मागची, पुढची, समोरून येणारी, सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या. घरातही तोच आवाज. "चहा झालाऽऽ" असं त्यांनी स्वयंपाकघरातून पुकारलं की वरच्या मजल्यावरची माणसंही आपापला कप शोधायला लागायची. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने अगदी गरीब. त्यांना बरीच वर्षं कमी ऐकू येतं, असं घरात सगळे धरून चालले होते.

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. बाबा दिवसभर एकटे असतात म्हणून एका रविवारी ती टोपली घेऊन हजर झाली. टोपलीत एक पिल्लू होतं. कानच कान, बाकी कुत्रं नावाला.

"अगं, हे काय उचलून आणलंस?" ब्रेकबाई कडाडल्या.

पिल्लाने जागच्या जागी शू केली.

"आई, हळू गं! ही जातच लहान. मोठी झाली तरी जेमतेम मांजराएवढी होईल."

"मांजराएवढी? आणि पायाखाली आली म्हणजे?"

पुन्हा शू.

बाबांनी तिचं नाव ठेवलं राई. लेक गेली, आणि राईने कपडे धुण्याच्या मशीनमागे बिऱ्हाड थाटलं. खरं तर ब्रेकबाईंना ती पहिल्याच दिवशी आवडली होती. पण "ये गं माझ्या सोन्या!" हेसुद्धा त्या भर चौकात उभ्या असल्यासारख्या म्हणायच्या. सोनं आणखी आत सरकायचं आणि मागे ओल ठेवून जायचं. फरशी पुसून पुसून फडक्याच्या चिंध्या झाल्या.

"मी काय खाते का हिला?" बाई रडकुंडीला आल्या.

शेवटी त्यांनी राईला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मग ब्रेकबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही आजारी नाही, घाबरलीय. आता असं बघा, उद्या गच्चीवरची पाण्याची टाकी तुमच्यावर वाकून ओरडायला लागली, तर तुम्ही काय कराल?"

ब्रेकबाईंनी विचार केला. त्यांनीही तेच केलं असतं.

"आवाज खाली, अंगही खाली. जमिनीवर पडून राहा, हातात खाऊ ठेवा आणि तिच्याकडे बघू नका. ती आपणहून येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकबाई हॉलमधल्या फरशीवर पालथ्या पडल्या. तळहातावर खाऊचा तुकडा, तोंड भिंतीकडे. बऱ्याच वेळाने मशीनमागून एक नाक बाहेर आलं, मग कान आले. नेमके तेव्हाच त्यांच्याकडे गाडी शिकणारे एक वकील परीक्षेची तारीख विचारायला उघड्या दारातून आत शिरले.

"अरे देवा! बाई, डॉक्टरांना बोलावू का?"

"हलू नका," ब्रेकबाई कुजबुजल्या. "क्लच दाबून ठेवा."

वकील एक पाय उचललेल्या स्थितीत तसेच उभे राहिले. राई आली, तिने तुकडा उचलला आणि बाईंचा अंगठाही चाटला. मग वकिलांनी आणि आतून आलेल्या यजमानांनी मिळून बाईंना उठवलं, कारण गुडघे ऐकेनात.

त्या दिवसापासून घरात कुजबूज सुरू झाली. शेजारीण काळजीने डोकावून गेली. "सगळं ठीक आहे ना? भांडलात का? घरातून काही आवाजच नाही!" गाडीतही बाईंची सवय बदलली, पण त्यांनी कानाशी येऊन हळूच "ब्रेक" म्हटलं की शिकणाऱ्याला दरदरून घाम फुटायचा. आरोळी परवडली, असं वकीलसाहेबांचं मत पडलं.

एका सकाळी राईला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसल्या असताना बाई तिच्या कानात पुटपुटल्या, "आज ह्यांना पुन्हा भोपळाच करते."

"नको गं, कालच झाला!" हॉलमधून उत्तर आलं.

मग ब्रेकबाई राईला तशीच उचलून हॉलमध्ये गेल्या.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"जरा... उघडलाय बघ कान."

"कधीपासून?"

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "बंद कधी झालाच नव्हता. तू कडाडलीस की मला उत्तरच सुचायचं नाही. ऐकू आलं नाही म्हटलं की सुटका व्हायची."

बाईंनी तोंड उघडलं. पण मांडीवरून कडेवर आलेली राई डोळे मिटून पेंगत होती.

"लबाड," त्या कुजबुजल्या. "ढोंगी."

"हळू बोललीस तर कळतं, की तुझा आवाज छान आहे," तेही कुजबुजले.

कुजबुजत भांडण रंगत नाही. थोड्या वेळाने दोघं तोंडावर हात ठेवून हसत सुटली, आणि भोपळ्याऐवजी बटाटे चिरले गेले.

पुढच्या खेपेला लेक आली, तेव्हा राई सोफ्याशेजारी उताणी झोपली होती. लेकीच्या हातून स्टीलचं पातेलं निसटलं आणि घरभर खणखणलं. राईने एक कान हलवला, कूस बदलली आणि घोरायला लागली.

"बघ आई, रुळली की ही! आता कशालाच घाबरत नाही. बोला आता मोकळेपणाने."

आईने आणि बाबांनी एकदमच ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ," बाबा म्हणाले, "हळू बोल."